किल्ली काढल्यावर

सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी रांग ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकातून बाहेर पडून, बेकरीला वळसा घालून, पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचली होती. रांगेतल्या एकालाही गाडी शिकायची नव्हती. प्रत्येकाला गाडीला काहीतरी विचारायचं होतं.

गाडी मागच्या शेडमध्ये उभी होती. तीस वर्षांची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. नऊशे सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, आणि पुढच्या चाकांना अडवून ठेवलेल्या दोन विटा. बॉनेटवर जाड लोकरी ब्लँकेट पसरलेलं होतं, कारण आत्म्याला थंडी वाजते असं सांगण्यात आलं होतं. आत्मा होता ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा. त्यांना गावभर मास्तर म्हणत. तीन महिन्यांपूर्वी ते झोपेतच वारले, आणि गेले सहा आठवडे या गाडीतून बोलत होते.

बोलण्याची रीत सोपी होती. आधी वीस मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची. याला ‘तप’ म्हणत. मग ज्याला प्रश्न असेल त्यानं चपला बाहेर काढून स्टिअरिंगच्या सीटवर मांडी घालून बसायचं. शेजारच्या सीटवर ‘ऐकणारे बाबा’, म्हणजे मास्तरांचं आपल्याला ऐकू येतं असं सांगणारे गृहस्थ, आधीच बसलेले असत, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे डॅशबोर्डवर ठेवून, कमरेपासून खाली घोंगडीत गुंडाळलेले. बसणाऱ्यानं किल्ली फिरवून इंजिन सुरू करायचं, प्रश्न मोठ्यानं विचारायचा, मग स्वतःच्या हातानं किल्ली काढून खिडकीबाहेर धरायची. आणि किल्ली बाहेर, हात बाहेर, तरी इंजिन खोकायचं. एकदा ढुग म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे धीर धरा. शेवटी गाडीला एक गचका बसायचा आणि सगळं चिडीचूप. मास्तर गेले. चला, पुढचा!

“देह म्हणजे चेसिस, मंडळी!” बाबा डोळे मिटून सांगत. “नंबर प्लेट इथंच राहते. आत्मा मात्र पेट्रोलसारखा. दिसत नाही, पण वास येतो. टाकी रिकामी झाली तरी वास राहतो की नाही? राहतो! मग?”

या ‘मग’वर सगळे माना डोलावत. बाबा पूर्वी घरोघरी फिरून पाण्याचे फिल्टर विकायचे. त्यामुळे अधूनमधून “उत्तर पाच पातळ्यांवर शुद्ध होऊन येतं” असंही त्यांच्या तोंडून जाई, आणि एकदा तर एका वर्षाची गॅरंटीही निघून गेली होती. पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या ऑइलच्या पिंपावर बसून, एकच माणूस दात खात होता. तो मिस्त्री. गल्लीच्या पलीकडे त्याचं गॅरेज होतं, आणि चाळीस वर्षांत या गावातल्या एकाही इंजिननं त्याच्याशी ठोक्यांनी बोलायचा प्रयत्न केला नव्हता. मास्तर त्याचे जिवलग मित्र. ही गाडी तर त्यानं इतक्या वेळा खोलली होती की तिच्या नटांना तो नावानं ओळखत असावा.

त्या दिवशी पहिला नंबर शिंप्याचा होता. तो मांडी घालून बसला आणि म्हणाला, “मास्तर, मी अजून किती वर्षं जगेन?”

किल्ली निघाली. ढुग, ढुग, ढुग, ढुग. गचका.

शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबांनी डोळे न उघडता हात वर केला. “दशकं! दशकं आहेत ती. मास्तर जिवंतपणीही मोजकंच बोलायचे.”

शिंपी छप्पन्न वर्षांचा होता. छप्पन्न आणि चाळीस त्यानं बोटांवर मोजले, त्याचे डोळे भरून आले, आणि त्या आनंदात त्यानं तिथल्या तिथं खिशातून सिगारेट काढून पेटवली.

“अरे पेट्रोल आहे इथं!” मिस्त्री पिंपावरून उडी मारून आला आणि सिगारेट हिसकावून घेतली. “चार दशकं काय घेऊन बसलास, चार मिनिटं जगणार नाहीस!”

“मिस्त्री चिडतात,” बाबा प्रेमळपणे म्हणाले. “मित्र गेल्याचं दुःख आहे ते. चालायचंच.”

हेच तर मिस्त्रीला सहन होत नव्हतं. त्याला काय चाललंय ते माहीत होतं, अगदी आतलं माहीत होतं, आणि ते सांगितलं की लोक त्याची कीव करत. पहिल्याच आठवड्यात त्यानं भर सभेत उभं राहून सांगून पाहिलं होतं.

“किल्ली काय करते? ठिणगी बंद करते. बस्स! पेट्रोल बंद करत नाही. हे जुनं इंजिन आहे. ते जोवर फिरतंय, तोवर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढत राहतं. आणि आत पिस्टनच्या डोक्यावर वर्षानुवर्षांचा कार्बन बसलाय. तो तापून निखाऱ्यासारखा लाल होतो. ठिणगी नसली तरी निखाऱ्यावर पेट्रोल पेटतं, म्हणून किल्ली काढल्यावरही इंजिन खोकतं. जुन्या गाड्यांचा नेहमीचा आजार आहे हा! मास्तर जिवंत होते तेव्हाही खोकायची ही. तुम्ही सगळे हिच्यावरच शिकलात, आठवत नाही का?”

आठवत होतं. पण बेकरीवालीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “तेव्हा नुसती खोकायची. आता उत्तर देते. निखाऱ्याला हो-नाही कळतं का हो, मिस्त्री?”

 खोकला का होतो हे मिस्त्रीला ठाऊक होतं. खोकला मोजून कसा होतो, हे काही केल्या सुचत नव्हतं.

“उघडा बॉनेट, मिस्त्री,” बाबा दिलदारपणे म्हणाले होते. “शोधा. सत्याला कसली भीती?”

मिस्त्रीनं ब्लँकेट भिरकावून बॉनेट उघडलं आणि कमरेपर्यंत आत शिरला. आयडलचा स्क्रू, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती जोरात फिरावं ते ठरवणारा, कुणीतरी दोन आटे चढवून ठेवलेला होता. ठिणगी देणारे प्लग चुकीच्या जातीचे, नको तितके तापणारे. ते मात्र मास्तरांनीच बसवलेले. स्वस्तात मिळाले म्हणून, आणि मिस्त्रीनं कितीदा सांगूनही न बदललेले. वर ब्लँकेट टाकून इंजिन उकळायला ठेवलेलं. खोकला यावा म्हणून जे जे हवं ते सगळं तिथं हजर होतं. मोजायला मात्र तिथं कुणी बसलेलं नव्हतं. तो शोधत असतानाच नगरपालिकेचा कारकून स्टिअरिंगवर बसला.

“मास्तर, मिस्त्रींना काही सापडेल का?”

ढुग, ढुग. अगदी मिस्त्रीच्या कानाशी.

लोक हसले. कारकुनाला जोर चढला. त्यानं पुन्हा किल्ली लावली. “मास्तर, मिस्त्री मूर्ख आहेत का?”

ढुग.

त्यानंतर गल्लीतली पोरंसोरं मिस्त्रीला पाहिलं की एकदा ढुग म्हणून पळत. तेही एक वेळ चाललं असतं. कारकून दर आठवड्याला येऊन गटार कधी दुरुस्त होणार हे विचारे, तीन ठोके घेई आणि ‘धीर धरण्याचे निर्देश प्राप्त’ असं फायलीत लिही. तेही चाललं असतं. बेकरीवालीची हरवलेली मांजर परत येईल असं गाडीनं सांगितल्यापासून ती रोज दारात दूध ठेवायची आणि चार परकी मांजरं त्यावर गलेलठ्ठ झाली होती. त्यातही कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. मिस्त्रीची झोप उडाली होती ती वहिनींमुळे. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको.

वहिनींना काचबिंदू होता. डोळ्यातलं प्रेशर वाढलेलं, कडेकडेनं दिसेनासं झालेलं. शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर ऑपरेशन करा, लवकर करा. पहिली तारीख हुकली होती, आता सोमवारची मिळाली होती. मास्तरांची मुलगी आता स्कूल सांभाळायची, नव्या गाडीवर शिकवायची. तिनं सगळं ठरवलं होतं. दोन महिने आईला घेऊन शहरात राहायचं, घर बंद, शेड रिकामी, जुनी गाडी भंगारात.

आणि त्याच सुमारास ऐकणारे बाबा दारात उभे राहिले होते. मास्तरांनी स्वप्नात बोलावलं म्हणाले. आता ते पुढच्या खोलीत मुक्कामाला होते, दोन वेळा जेवत होते आणि शेडमधल्या गाडीचं ऐकत होते. ऑपरेशन करू का, असं वहिनींनी गाडीला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा ढुग, ढुग.

“काका, परवा सोमवार,” शनिवारी दुपारी मुलगी गॅरेजमध्ये येऊन म्हणाली. डोळे रडून सुजलेले. “मी ओढून नेऊ शकत नाही तिला. काल रस्त्यात सायकलवाल्यानं उडवलं असतं, तिला बाजूनं आलेला दिसलाच नाही. आणि म्हणते काय, तुझे वडील नको म्हणतात. तुम्ही बोला ना एकदा.”

“मी? मी तर गावचा ढुग आहे, पोरी,” मिस्त्री म्हणाला. पण हात पुसून उठला.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडायची. त्यांनी चहा केला, कप मांडला आणि किटली तिरपी केली. धार कपाच्या दोन बोटं बाजूला, ओट्यावर पडली. त्यांना ते कळलंच नाही. मिस्त्रीनं हळूच कप धारेखाली सरकवला. 

“वहिनी, सोमवारी जाऊन या.”

“भाऊजी, तुमचा तो निखारा खरा असेल,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही जाणते आहात. पण मला ते आलेले कळतात. हसू नका. कुणाला सांगितलं नाही मी अजून, लेकीलाही नाही. किल्ली फिरवायच्या आधी त्यांचा पाय वाजतो.”

“पाय?”

“कुईं असा. तीस वर्षं ऐकलाय मी तो. शिकवून परत आले, गाडी शेडमध्ये शिरली, की त्यांच्या बाजूनं कुईं व्हायचं, आणि मी चहा टाकायचे. शिकणारा कुणीही असो, आवाज त्यांचाच. आता मी तिथं बसले की अगदी शेजारी तोच आवाज येतो. किल्ली लावायच्या आधी एकदा आणि ते निघून जाताना एकदा. बाकीच्यांना कशाला लक्षात येईल? मला येतं.”

मिस्त्रीच्या हातातला कप तोंडाशी तसाच राहिला. तो आवाज त्यालाही पाठ होता. मास्तरांना त्यानं शंभरदा म्हटलं असेल, भाऊ, ऑइलचे दोन थेंब सोडतो, आवाज जाईल. आणि मास्तर म्हणायचे, राहू दे, तिला कळतं मी आलो ते.

तो कप ठेवून शेडमध्ये गेला. पुढच्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मिस्त्रीनं गाडीचं दार उघडलं, घोंगडी बाजूला केली आणि या भानगडीत पहिल्यांदाच बॉनेटऐवजी सीटखाली डोकं घातलं.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती. तिला पेडलचे दोन सेट होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं दांड्यानं एकमेकांना जोडलेलं. शिकणारा घाबरला की मास्तर आपल्या बाजूनं गाडी सावरायचे. गावातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. त्या दुसऱ्या सेटनं प्रत्येकाला एकदा तरी भिंतीपासून, म्हशीपासून नाहीतर पोस्टाच्या पेटीपासून वाचवलं होतं. इतकं माहीत होतं की सगळे ते विसरून गेले होते, आणि सगळ्यांत आधी विसरला होता मिस्त्री.

शिकणाऱ्याच्या पेडलवर धुळीचा थर होता. शेजारच्या पेडलचं रबर घासून चकचकीत झालेलं. गिअर चौथ्यात टाकलेला, हँडब्रेक ओढलेला. मिस्त्रीला सगळं एका दमात दिसलं. बाबा क्लच दाबून बसतात, इंजिन सुरू होतं, किल्ली निघते, इंजिन निखाऱ्यावर खोकत राहतं. हवे तितके ठोके झाले की बाबा क्लच सोडतात. गाडी गिअरमध्ये, चाकं अडवलेली. इंजिनचा गळाच दाबला जातो. गचका. मास्तर गेले!

बाबांना हे सुचलं यात नवल नव्हतं. स्कूलच्या इतिहासात शिकाऊ म्हणून सर्वांत जास्त तास त्यांचेच होते. चार वेळा परीक्षा दिली, चारही वेळा नापास. मास्तरांचे पाय काय काय करतात, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलंच नव्हतं.

मिस्त्रीनं खात्री करायला हातानंच तो क्लच दाबला. कुईं.

“आलात?” खिडकीतून वहिनींचा आवाज आला. अगदी रोजच्यासारखा, साधा. मागोमाग भांड्यात पाणी ओतल्याचाही आवाज आला.

 मिस्त्रीला जो राग आला तो त्याला स्वतःलाच झेपेना. या माणसानं एका बाईचा चहा टाकायचा आवाज चोरला होता.

“मी आहे, वहिनी,” तो खिडकीशी जाऊन म्हणाला. “आवाज मी काढला. हातानं.”

वहिनींनी भांडं गॅसवर ठेवलं. मग म्हणाल्या, “तुम्ही हातानं काढलात म्हणून त्यांनी पायानं काढला नाही, असं कुठं आहे?”

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मुद्दा बिनतोड होता. “बरोबर. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवूच नका. उद्या तुम्ही बसा आणि स्वतःच बघा. उत्तर येत असताना, जिथून पाय वाजतो तिथं हात घाला. भाऊ असतील तर हाताला काही लागायचं नाही, आत्म्याला पाय कसला? हात रिकामा आला तर मी चुकलो. सगळ्यांसमोर बाबांची घोंगडी धुऊन देईन. आणि पाय लागलाच, तर तो कुणाचा आहे हे ओळखायला तुमच्याइतकं दुसरं कोण आहे?”

“आणि पाय लागला तर सोमवारी शहरात,” वहिनी स्वतःच म्हणाल्या. त्यांनी गॅस बंद केला.

रविवारी सभेला उभं राहायला जागा नव्हती. तप पूर्ण झालं, इंजिन बंद झालं. वहिनी मांडी घालून स्टिअरिंगवर बसल्या. मुलगी दाराशी उभी होती, आणि तिच्या मागे मिस्त्री, ओठ घट्ट मिटून.

“विचारा वहिनी, निःशंक विचारा,” बाबा म्हणाले. “पाच पातळ्यांवर…”

कुईं.

वहिनींनी मान किंचित कलती केली. किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. “अहो, मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ का?” त्यांनी स्पष्ट आवाजात विचारलं, किल्ली काढली आणि उजव्या हातानं खिडकीबाहेर धरली. डावा हात त्यांनी खाली वाकून घोंगडीत घातला.

ढुग.

बाबांनी किंकाळी फोडली. वहिनींनी त्यांचा घोटा पकडला होता, आणि नुसता पकडला नव्हता, जिथं होता तिथंच, पेडलवर, घट्ट दाबून धरला होता. आता बाबांना क्लच सोडता येईना. ढुग. ढुग. दचकून त्यांचा दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. ढुग, ढुग, ढुग.

लोक मोजू लागले. “पाच! सहा!” आवाज चढत गेला. “नऊ! दहा!” बाबा सीटवर वळवळत होते, हात मात्र सवयीनं डॅशबोर्डवर तसेच ठेवलेले. “तेरा! चौदा!”

वहिनींनी एक हिसडा देऊन पाय पेडलवरून ओढला. क्लच सुटला, गाडीला गचका बसला, इंजिन मेलं.

 शेवटी शिंप्यानं दबक्या आवाजात विचारलं, “चौदा म्हणजे काय?”

“चौदाबाबत काही ठरलेलं नाही,” कारकून म्हणाला.

“चौदा म्हणजे हा पाय,” वहिनी म्हणाल्या. पाय अजून त्यांच्या हातात होता. “तीस वर्षं थंडीत माझ्या नवऱ्याचे पाय मला लागत आलेत. बर्फासारखे गार असायचे. डाव्या पायाची करंगळी वाकडी होती. हा पाय गरम आहे, घामेजलाय, आणि करंगळी सरळ आहे. हा माझ्या माणसाचा पाय नाही.”

 मुलीनं पुढे होऊन घोंगडी ओढली. सगळ्यांना दिसलं ते अगदी ओळखीचं होतं. मास्तरांची जागा, मास्तरांचे पेडल, आणि त्यांवर दोन अनवाणी पाय.

“मी निमित्त!” बाबा ओरडले. “माझा पाय मास्तरच उचलत होते!”

“बाहेर या,” मिस्त्री म्हणाला, “म्हणजे आता ते दुसऱ्याचा उचलतील.”

त्यानं शिंप्याला त्या जागी बसवलं आणि घोंगडीशिवाय, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, काय दाबायचं आणि कधी सोडायचं ते शिकवलं. शिंप्याला ते तिसऱ्याच प्रयत्नात जमलं. पाचव्या प्रयत्नात त्यानं स्वतःला आणखी एकशे दहा वर्षं दिली होती आणि थांबायला तयार नव्हता. मग कारकून बसला. मग बेकरीवाली बसली, एक ठोका काढला, आणि तिचा चेहरा पडला.

“म्हणजे माझी मांजर?” तिनं मिस्त्रीला विचारलं. “येणार की नाही?”

“मला माहीत नाही,” मिस्त्री म्हणाला.

गेल्या सहा आठवड्यांत त्या शेडमध्ये हे वाक्य कुणीच उच्चारलं नव्हतं.  मिस्त्रीला भाषण करता येत नसे, पण आता थांबलं तर रात्री झोप येणार नाही हे त्याला कळत होतं.

“मला मांजरांतलं कळत नाही. गटारातलं कळत नाही. डोळ्यांतलं तर मुळीच नाही. इंजिनमधलं कळतं, आणि त्यातही मी गाढव ठरलो. सहा आठवडे डोकं बॉनेटमध्ये घालून बसलो, कारण मला तेवढंच येतं. एकदा खाली बघितलं असतं तर संपलं असतं! आपण सगळे याच गाडीवर शिकलो. आपल्याला वाटायचं आपणच चालवतोय, आणि पाय मास्तरांचे चालायचे. मास्तर निदान आपल्याला वाचवायला पाय हलवायचे. म्हणून एवढंच सांगतो. कुणी तुम्हाला हात दाखवायला लागला की त्याचे पाय बघा. आणि प्रश्न विचारायचाच तर ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. डोळ्यांचा डोळ्यांच्या डॉक्टरला. इंजिनचा मला. आणि ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही, त्याचं माहीत नाही असंच म्हणा. त्यानं कुणाचा जीव जात नाही.”

बाबा तोवर फाटकापाशी पोचले होते. ते चालतच गेले. लायसन्स नव्हतं.

मिस्त्रीनं आणि मुलीनं त्याच दुपारी इंजिन खोललं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला तर वाटीभर निघाला. योग्य ते प्लग बसवले, आयडलचा स्क्रू उतरवला, ठिणगीचे पॉइंट साफ केले. गाडी भंगारात टाकायची नाही असं मुलीनं मध्येच ठरवून टाकलं, आणि ती शहरापर्यंत नीट जाईल का असं विचारलं. जाईल, असं मिस्त्रीनं सांगितलं. हे त्याला माहीत होतं.

त्या क्लचच्या पेडलला ऑइल सोडायला तो गेला तेव्हा वहिनी खिडकीत उभ्या होत्या. “तेवढं राहू द्या, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आवाज कशाचा आहे ते आता मला माहीत आहे. ऐकायला अजून आवडतो.” मिस्त्रीनं बुधली खाली ठेवली.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या दारात मुलीनं गाडी उभी केली आणि किल्ली काढली. इंजिन जागच्या जागी बंद झालं. एकही ठोका नाही. आत डॉक्टर पुन्हा तपासणार होते, आणि वाया गेलेल्या सहा आठवड्यांत डाव्या डोळ्याचा आणखी एक कोपरा गेला तो गेलाच, हे त्यांना सांगणार होते. उरलेलं वाचणार होतं. पण ते अजून अर्ध्या तासानं. आत्ता वहिनी शेजारच्या सीटवर, मास्तरांच्या जागी, कान देऊन बसल्या होत्या.

“आई?” मुलीनं घाबरून विचारलं.

“काही नाही ग,” वहिनी म्हणाल्या. “तीस वर्षं मी सांगत होते त्यांना, मिस्त्री म्हणतात तर ते प्लग बदला एकदाचे.” त्यांनी चाचपडत दाराची कडी शोधली आणि उघडली. “चल. डॉक्टर वाट बघत असतील.”